अराकिसचं पाणी कोणी प्यायलं? अगस्त्याभोवतीचा वाळूचा ग्रह आणि तिथली वैरं

कुंभयोनी | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

परवा रात्री गच्चीवर दुर्बीण घेऊन बसलो होतो. पुण्याहून अगस्त्य क्षितिजाच्या वर जेमतेम एकोणीस अंश चढतो, त्यामुळे समोरच्या इमारतीच्या टाकीआडून तो बाहेर येईपर्यंत वाट बघावी लागते. नऊच्या सुमारास आला. व्याध सोडला तर रात्रीच्या आकाशात याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही. बघता बघता एक गोष्ट डोक्यात आली आणि तेव्हापासून ती काही जात नाहीये, म्हणून हा धागा.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ (१९६५) मधला अराकिस कुठल्या ताऱ्याभोवती फिरतो? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, तिथे लिहिलंय: कॅनोपसचा तिसरा ग्रह. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य. पुस्तक मी तीनदा वाचलंय आणि तिन्ही वेळा ही ओळ नुसती डोळ्यांखालून गेली.

समुद्र पिऊन टाकणारा अगस्त्य! वनपर्वातली गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. कालकेय दैत्य दिवसभर समुद्रात दडून बसत आणि रात्री बाहेर येऊन ऋषींना मारत. देवांनी अगस्त्यांना साकडं घातलं, त्यांनी समुद्र पिऊन टाकला, उघड्यावर पडलेले दैत्य देवांनी मारले. मग देव म्हणाले, आता पाणी परत सोडा. अगस्त्य म्हणाले, ते तर जिरलं. समुद्र कोरडा पडला तो थेट भगीरथानं गंगा आणेपर्यंत.

आता अराकिस बघा. या ग्रहावर पावसाचा थेंब नाही, पण मिठागरांसारखे पांढरे पट्टे आहेत, म्हणजे कधीकाळी उघडं पाणी होतं. विहीर खणली की आधी ओल लागते, बारीक धार येते आणि मग ती धार बंद होते, जणू खालून कोणी बूच मारलं. ते बूच मारणारा जीव म्हणजे वाळूतले छोटे चामडी प्राणी. पाणी दिसलं की ते त्याला चहूबाजूंनी वेढून कोंडून टाकतात. त्यांच्यातूनच पुढे चारशे मीटर लांबीचे वाळुकिडे होतात, ज्यांना पाणी म्हणजे विष. पाणी ग्रहावरच आहे. कोणीतरी ते पिऊन बसलंय.

आता घराण्यांचं. पुस्तकाची ओळख करून देताना बहुतेक जण सांगतात की हार्कोनेन आणि अट्रेडीज या दोन घराण्यांचं मसाल्यावरून (फक्त अराकिसवर मिळणारं मौल्यवान द्रव्य) वैर आहे. ते खरंच आहे. हार्कोनेनांकडे ऐंशी वर्षं अराकिसची जहागीर होती, बादशहानं ती काढून अट्रेडीजना दिली आणि मग स्वतःच्याच सार्डाउकार फौजेला हार्कोनेनांचा वेश चढवून त्यांच्यावर घातलं. पण हे सगळे लोक वरून बघणारे. त्यांना वाळूवर पसरलेला मसाला दिसतो. वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन टोळ्या वाळूखालच्या पाण्याचा हिशोब ठेवतात, आणि माझ्या मते लढाईचा निकाल त्या हिशोबानं लागतो.

तो हिशोब किती बारीक आहे ते जेमिस नावाच्या फ्रेमेनच्या मृत्यूच्या प्रसंगात दिसतं. पॉल, म्हणजे अट्रेडीजचा वारस, त्याला द्वंद्वात मारतो. टोळी प्रेतातलं पाणी काढते, मोजते: तेहतीस लिटर आणि वर सात पूर्णांक तीन-बत्तिसांश ड्राम. एवढं काटेकोर! एरवी माणसाचं पाणी टोळीचं, पण द्वंद्वात ते जिंकणाऱ्याला मिळतं. कारण चानी ही फ्रेमेन मुलगी सांगते. उघड्यावर, अंगात स्टिलसूट (अंगचं पाणी गाळून परत प्यायला देणारा पोशाख) न घालता लढावं लागतं, त्यात जिंकणाऱ्याचंही पाणी जातं, ते त्याला भरून मिळायला हवं. पॉलच्या हातात पाण्याऐवजी धातूच्या कड्या येतात, प्रत्येक कडी म्हणजे ठरावीक माप. खरं पाणी गुहेतल्या साठ्यात जातं. आणि त्याच रात्री जेमिसबद्दल बोलताना पॉलच्या डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा सगळी टोळी गप्प होते. मेलेल्याला कोणी आपल्या अंगची ओल देतं, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

तुम्हाला काय वाटतं? ग्रह आधी की घराणी आधी?

---

रानवाटा | २ फेब्रुवारी, रात्री १०:५८

अगस्त्याचं वाचून अंगावर काटा आला. वाचतोय, येऊ द्या प्रतिसाद.

---

मांजराकाठ | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

कुंभयोनीदादा, तुम्ही खजुराच्या झाडांचा प्रसंग घेतला नाही, म्हणून मी लिहिते. अराकीन या तिथल्या राजधानीत वाड्यासमोर खजुराची वीस झाडं असतात आणि येणारे-जाणारे लोक त्यांच्याकडं विचित्र नजरेनं बघत असतात. का, तर एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागतं आणि माणसाला आठ. एक झाड म्हणजे पाच माणसं. वीस झाडं म्हणजे शंभर माणसं. बघणाऱ्यांतले काही जण झाडावर रागावलेले असतात आणि काही जण आशेनं बघत असतात.

हे पान मी पहिल्यांदा वाचलं ते २०१६ च्या उन्हाळ्यात, लातुरात. मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची ते वर्ष. पहिली गाडी एप्रिलात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. आमच्या घरी बोअर आटलेली आणि आठवड्याला दोनशे लिटरवर सहा माणसं. मी वहीत लिहून ठेवायचे: प्यायला इतकं, स्वयंपाकाला इतकं, भांड्याला इतकं. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं पाणी फरशीला. परसात एक लिंबाचं झाड होतं. मामंजी म्हणायचे, आता त्याला पाणी घालू नका. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, पण रात्री भांड्यांचं शेवटचं पाणी तांब्यात धरून त्या परसात जायच्या. मला आवाज यायचा.

म्हणून मला ही कादंबरी दुसऱ्या ग्रहाची कधी वाटलीच नाही. वीस झाडांकडं बघणारे ते लोक माझ्या ओळखीचे आहेत. आणि उसाचा विषय मी इथं काढत नाही, पण एक झाड म्हणजे किती माणसं हा हिशोब आमच्याकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे.

---

तारकांकित | ३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

धागा उत्तम, पण ताऱ्याबद्दल थोडं बोलायलाच हवं.

अगस्त्य आपल्यापासून साधारण ३१० प्रकाशवर्षं दूर आहे. सूर्याच्या दहा हजार पटींहून जास्त तेजस्वी, वस्तुमान आठ ते दहा पट. इतक्या तेजाजवळ पृथ्वीएवढीच ऊब हवी तर ग्रह सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे शंभर पट लांब असायला हवा. तेवढ्या कक्षेची एक फेरी म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास. अराकिसवर कोणी आपला पहिला वाढदिवस बघणार नाही!

खरी अडचण वयाची आहे. इतके जड तारे भराभर जळतात. अगस्त्याचं वय काही कोटी वर्षं. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला दोन अब्जांहून जास्त वर्षं लागली. मग समुद्र होता, तो आटला, किडे झाले, हवा श्वास घेण्याजोगी झाली, हे सगळं एवढ्या वेळात बसत नाही. पुस्तकात ऑक्सिजन वाळुकिडे तयार करतात असं आहे, कारण झाडं तर जवळजवळ नाहीतच. कल्पना म्हणून ती मला फार आवडते, ग्रहावरचा सगळ्यात भयंकर प्राणीच सगळ्यांचा श्वास चालवतो. पण वेळेचं गणित सुटत नाही.

हवामानाचं मात्र कोणीतरी खरंच करून पाहिलंय. ब्रिटनमधल्या तीन शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये पृथ्वीसाठी वापरतात तसंच हवामानाचं प्रारूप अराकिसला लावलं. निष्कर्ष असा की विषुववृत्ताजवळ माणूस तग धरू शकेल, उन्हाळ्यात तिथे ४५ अंशांपर्यंत. ध्रुवांकडे मात्र उन्हाळ्यात ७० अंश आणि हिवाळ्यात उणे ४० च्याही खाली. पुस्तकात वस्ती उत्तर ध्रुवाजवळ आहे, बर्फही तिथेच आहे. गणितात तो बर्फ टिकत नाही.

---

कुंभयोनी | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

तारकांकित, हे सगळं मान्य. साडेतीनशे वर्षांचा हिशोब मी केला नव्हता, आत्ता वहीत करून पाहिला, बरोबर येतो. पण गंमत बघा, पुस्तकातला ग्रहशास्त्रज्ञ पार्डो काइन्स फ्रेमेन लोकांना जी मुदत सांगतो तीही तीनशे ते पाचशे वर्षांची. म्हणजे तुमच्या हिशोबानं अराकिसचं एखादं वर्ष, फार तर दीड. या टोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे गळे कापलेले असतात, आणि तो त्यांना सांगतो की तुमच्यापैकी कोणीही ते हिरवं रान बघणार नाही, तरी आजपासून थेंब थेंब साठवा. आणि ते साठवतात. दक्षिणेकडे त्यांची लागवड चालू असते, ती आकाशातून कोणी बघू नये म्हणून अंतराळ-वाहतुकीच्या संघाला मसाल्याची लाच देत राहतात. इथे मी पुस्तक दरवेळी मिटून ठेवतो आणि थोडा वेळ नुसता बसतो.

मांजराकाठताई, तुमच्या प्रतिसादाला काय लिहावं कळत नाहीये. तांब्याचा आवाज डोक्यात राहिलाय.

---

पोर्टलंडकर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४५

मी ओरेगॉनमध्ये राहतो. इथून तीनेक तासांवर समुद्रकिनारी फ्लॉरेन्स नावाचं छोटं गाव आहे आणि तिथून पुढे मैलोन्‌मैल वाळूच्या टेकड्या. अराकिसचा जन्म तिथला आहे. हर्बर्ट पत्रकार होता. १९५७ मध्ये तो एका लेखासाठी तिथे गेला. अमेरिकेचं कृषी खातं गवत लावून सरकत्या टेकड्या थोपवत होतं, कारण वाऱ्यानं वाळू रस्त्यांवर आणि घरांवर चालून यायची. तो लेख कधी छापून आला नाही. जमवलेल्या माहितीतून काही वर्षांनी हा ग्रह उभा राहिला. अर्पणपत्रिका वाचा, कोरडवाहू जमिनीवर काम करणाऱ्या पर्यावरणशास्त्रज्ञांना आहे.

गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेलो होतो. टेकडीच्या माथ्यावर उभं राहिलं की वाळू घोट्यापर्यंत येऊन आदळते, सुया टोचल्यासारखी. तोंड बंद ठेवावं लागतं, तरी दातात कचकच येतेच. आणि दोन टेकड्यांच्या मध्ये बघावं तर गच्च गवत, मागे झुडपं, त्याच्या मागे पाइनची झाडं. ते गवत मूळचं युरोपातलं. त्यानं वाळू इतकी पक्की धरून ठेवलीय की टेकड्या सरकायच्या थांबल्या, उघडी वाळू दरवर्षी कमी होतेय, आणि उघड्या वाळूत अंडी घालणाऱ्या छोट्या चिखल्या पक्ष्याला जागा उरली नाही. आता तेच गवत उपटायची कामं चालू आहेत.

हर्बर्टनं हे पुढच्या पुस्तकांत आधीच लिहून ठेवलंय. अराकिस हिरवा होतो, पाणी आलं की किडे मरतात, किडे गेले की मसाला जातो. साडेतीन हजार वर्षांनंतरच्या गोष्टीत वाळवंटाचा एक राखीव तुकडा उरलाय आणि फ्रेमेनांचे वंशज पूर्वजांचे विधी पाठ करून दाखवतात, एखाद्या संग्रहालयातल्यासारखे. मला या सगळ्या मालिकेत तेवढं दुःखद काही वाटत नाही.

अवांतर: इथून अगस्त्य दिसत नाही. ३७ अंश उत्तर अक्षांशाच्या वर तो उगवतच नाही. म्हणजे ज्या टेकड्यांवर हर्बर्टला हा ग्रह सुचला, तिथून त्या ग्रहाचा तारा कधीच दिसत नाही.

---

मस्कतचा मुक्काम | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

स्टिलसूटबद्दल लिहायचं होतं. मी इथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर पंधरा वर्षं आहे, त्यामुळे हा पोशाख वाचल्यापासून माझ्या मनात घर करून आहे. चालताना आणि श्वास घेताना होणाऱ्या हालचालीवर पंप चालतात, घाम-लघवी सगळं गाळून खिशांत साठतं, नळीनं प्यायचं. दिवसभरात बाहेर जातं ते शिवताना बोटात घालतात त्या टोपीएवढं पाणी.

अडचण उष्णतेची आहे. घाम आपल्याला थंड करतो तो वाफ होऊन निघून गेल्यामुळे. एक लिटर घाम वाळला की सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता अंगातून जाते. वाळूत झपाझप चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम असा घालवावा लागतो. आता तीच वाफ पोशाखात पुन्हा थंड करून पाणी करायची, तर ती सगळी उष्णता परत पोशाखात येते. ती टाकायची कुठे? बाहेर ५० अंश. आमच्या प्रकल्पातही खरा खर्च तोच आहे, पाणी वेगळं करायला ऊर्जा लागतेच, ती कोणी माफ करत नाही. म्हणून फ्रेमेन दिवसा गुहेत आणि रात्री प्रवासात असतात ते मला पोशाखापेक्षा जास्त पटतं.

टोळ्या आणि पाण्याच्या हिशोबाबद्दल: ओमानमध्ये फलज नावाचे जुने पाट आहेत. डोंगराखालचं पाणी उताराने गावात आणलेलं. पाणी वाटतात ते लिटरनं नाही, वेळेनं. दिवसा सावलीच्या खुणा बघून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून. अमुक तारा डोंगराआड गेला की या घराची पाळी संपली, त्या घराची सुरू. २००६ मध्ये यातल्या पाच पाटांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एका गावात मी रात्री थांबलो होतो. पाटाच्या तोंडाशी एक म्हातारा बसला होता. मातीचा बांध हातानं फोडला, दुसरीकडे लावला, हात झग्याला पुसले. पाच मिनिटांचं काम. कोणी शब्द बोललं नाही. आपल्या धुळ्याकडची फड पद्धत आठवली, पांझराकाठची.

---

अनुजा_वि | ४ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून आवडले, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे.

कुंभयोनी, तुम्ही म्हणता पाण्याचा हिशोब ठेवणारे जिंकले. कोण जिंकलं? पॉल जिंकला. तो अट्रेडीजचा वारस, बाहेरून आलेला. टोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली शिस्त, वाळवंटाचं ज्ञान, किड्यांवर स्वार होण्याचं कसब, हे सगळं त्यानं एका घराण्याच्या सूडासाठी वापरलं. दुसऱ्या पुस्तकात (१९६९) तो स्वतःच आकडा मोजतो: ६१ अब्ज माणसं मेली, नव्वद ग्रह निर्जीव झाले. टोळ्या एकमेकींशी भांडत होत्या तेव्हा माणसं मरत होती दहा-वीस. एक झाल्या तेव्हा अब्जावधी. हर्बर्टनं पुढे उघडपणे सांगितलंय की भारून टाकणाऱ्या पुढाऱ्यांपासून सावध करण्यासाठी त्यानं हे लिहिलं.

आणि थुंकण्याचा प्रसंग आठवा. फ्रेमेनांचा नायक स्टिलगार पॉलच्या वडिलांसमोर, ड्यूक लेटोसमोर, मेजावर थुंकतो, सगळे ताडकन उठू लागतात, तेवढ्यात लेटोचा सरदार डंकन सांगतो की हा मान आहे, त्यानं अंगचं पाणी दिलंय. लेटोही मान राखतो. वाचताना आपल्याला लेटो आवडतो. पण तो फ्रेमेनांकडे बघतो ते सैन्य म्हणून. कठीण ग्रह कडवे लढवय्ये घडवतो, सार्डाउकारही तसेच एका तुरुंग-ग्रहावर घडलेले, म्हणून मला हे लोक हवेत. त्यांची तहान त्याच्या दृष्टीनं कामाची वस्तू आहे. हार्कोनेन क्रूर म्हणून सहज ओळखू येतात. लेटोचं हे वापरून घेणं ओळखू येत नाही.

---

कुंभयोनी | ४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

अनुजा, दोन वेळा वाचला तुमचा प्रतिसाद. ‘निकाल लागतो’ हे माझं वाक्य मागे घेतो. लढाई जिंकायला पाण्याची शिस्त कामी आली आणि जिंकल्यावर तीच शिस्त गेली, असं म्हणायला हवं. पुढच्या पुस्तकांत तरुण फ्रेमेन स्टिलसूट ढिले घालतात, जुने लोक त्याकडे बघून मान फिरवतात. पाणी आलं, आता कशाला मोजायचं.

आणि अगस्त्याची गोष्ट पुन्हा वाचली काल. समुद्र प्यायला सांगितला तो युद्धासाठीच. देवांना कालकेय मारायचे होते, मासे-कासवं कोणी मोजली नाहीत. हे मला तुमच्यामुळे दिसलं.

---

प्रवराकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:३५

मी अकोल्याचा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. आमच्याकडे प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. तारा मात्र आजवर ओळखून पाहिला नव्हता. आत्ता शेतात जाऊन आलो. व्याध सापडला की सरळ खाली दक्षिणेला नजर न्यायची, ना? झाडांच्या शेंड्यावर एकटाच होता.

मांजराकाठताई, विचारू की नको असं झालंय, पण लिंबाचं काय झालं?

---

मांजराकाठ | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

हो दादा, तोच. आमच्या इथूनही दिसतो.

लिंबू नाही जगलं. मेच्या मध्यात पानं गळाली, तरी सासूबाई महिनाभर तांब्या नेत राहिल्या. त्या जागेवर आता हजार लिटरची काळी टाकी आहे.